मुखवटे द्या, माणसे सोडतो : अलर्ट बेचे प्रकरण

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका लहानशा बेटावर १९२१ च्या डिसेंबरात सहा दिवसांचा समारंभ झाला. भाषणे झाली, मुखवटे घालून नाच झाले आणि आलेल्या पाहुण्यांना भेटी दिल्या गेल्या. पुढच्या काही महिन्यांत ४५ जणांवर खटले भरले गेले. वीसेक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले आणि तीन गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले साडेचारशेहून अधिक मुखवटे, शिरोभूषणे, खुळखुळे आणि तांब्याचे पत्रे सरकारच्या हवाली केले. ते परत यायला जवळजवळ साठ वर्षे लागली आणि सगळे अजूनही आलेले नाहीत.

हे प्रकरण मी निवडले, कारण वसाहतीचा कायदा माणसाच्या अगदी घरात कसा शिरतो हे त्यात पायरीपायरीने दिसते. समारंभाचा यजमान आणि मुखवटे देणारे प्रमुख यांची नावे तिकडे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या घरची माणसे आजही तिथेच राहतात, म्हणून ती नावे इथे गाळली आहेत. पदावर बसून ज्यांनी निर्णय घेतले त्यांची नावे ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर टोकाजवळच्या कॉर्मोरंट बेटावर अलर्ट बे हे गाव आहे. आसपासच्या बेटांवर आणि खाड्यांच्या काठी क्वाक्वाला भाषा बोलणाऱ्या अनेक जमाती राहतात. त्या सगळ्या मिळून स्वतःला क्वाक्वाकावाक्व म्हणवतात. सॅमन मासा हा त्यांचा मुख्य आधार. सीडरच्या लाकडाची प्रचंड घरे आणि त्याच लाकडात कोरलेले मुखवटे यांसाठी ते जगभर ओळखले जातात. १८६२ च्या देवीच्या साथीने या किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पाडली होती. जे उरले ते या सगळ्यातून सावरत होते.

त्यांच्या सामाजिक जीवनाचा कणा म्हणजे पॉटलॅच. मूल झाले, नाव ठेवले, लग्न झाले, कोणी गेले, वारसाकडे पद आले, की घराणे पाहुणे बोलावते, आपल्या हक्काचे नाच दाखवते, आपली नावे आणि हक्क जाहीर करते आणि पाहुण्यांना भेटी देते. भेट घेतली की पाहुणा साक्षीदार झाला. उद्या कोणी तो हक्क नाकारला तर त्याला उभे राहून सांगावे लागते की हे माझ्यासमोर झाले आहे. आपल्याकडे वारसाची फेरफार नोंद झाल्याशिवाय जमीन नावावर चढत नाही, तसे तिथे पॉटलॅच झाल्याशिवाय नाव, पद, मासेमारीच्या जागेवरचा हक्क किंवा एखादा नाच करण्याचा अधिकार कुणाच्या नावावर चढत नसे. फरक इतकाच की तिथे दप्तर नव्हते. साक्षीदारांची आठवण हेच दप्तर होते.

लग्नाचा व्यवहारही यातूनच चाले. वराकडच्यांनी दिलेल्या संपत्तीची परतफेड वधूचे घराणे पुढे काही वर्षांनी वाढीव करत असे आणि जावई ती सगळी पाहुण्यांत वाटून टाकत असे. वाटल्याने मान वाढे. साठवून ठेवणाऱ्याला मान नव्हता. मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतली मजुरी आणि मासेमारीची कमाई हाती येऊ लागली, तशी भेटींमध्ये नवी बाजारपेठही उतरली: हडसन्स बे कंपनीच्या घोंगड्या, पिठाची पोती, शिवणयंत्रे, ग्रामोफोन, इंजिनाच्या होड्या, अगदी बिलियर्डची टेबलेसुद्धा.

हीच गोष्ट मिशनऱ्यांच्या आणि सरकारी एजंटांच्या डोळ्यांत खुपत होती. मजुरी मिळते तरी हे लोक बचत करत नाहीत, मुले शाळेऐवजी समारंभाला नेतात, ख्रिस्ती व्हायला तयार होत नाहीत, अशी पत्रे राजधानी ओटावाला जात राहिली. तिथे पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड आणि इंडियन खात्याचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या खात्याचा, प्रमुख हे एकच गृहस्थ होते.

कायदा कसा घट्ट होत गेला

कॅनडाचा इंडियन ॲक्ट १८७६ चा. कोण ‘इंडियन’ आणि कोण नाही, कुणी कुठे राहायचे, जमिनीचे काय करायचे, गावाचा कारभार कसा चालायचा, हे सगळे या एका कायद्याने सरकारच्या हाती दिले. आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा त्याच्या पाचच वर्षे आधी, १८७१ मध्ये झाला होता. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटच्या आठवणी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत त्यांना या दोन कायद्यांची भाषा परकी वाटणार नाही. दोन्हींत माणसाने काय केले यापेक्षा तो कोणत्या जमातीत जन्मला हे आधी पाहिले जाते.

१८८४ मध्ये इंडियन ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि पॉटलॅच करणे, त्यात भाग घेणे, त्याला उत्तेजन देणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन ते सहा महिने तुरुंगवास. अंमल १८८५ पासून.

ही पहिली तरतूद कोर्टात टिकली नाही. १८८९ मध्ये एका माणसाला सहा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा प्रांताचे सरन्यायाधीश मॅथ्यू बेग्बी यांनी त्याला सोडले, कारण कायद्यात पॉटलॅच म्हणजे नेमके काय हेच लिहिलेले नव्हते. आपला गुन्हा कोणता हे माणसाला आधी कळले पाहिजे, हा साधा नियम त्यांनी लावला.

सरकारने १८९५ मध्ये कलम पुन्हा लिहिले. आता ‘पॉटलॅच’ या शब्दाची गरजच उरली नाही. ज्या कोणत्या समारंभात, नाचात वा विधीत पैसे किंवा वस्तू दिल्या जातात, आधी, नंतर किंवा त्या वेळी, तो समारंभ गुन्हा. शेतकी प्रदर्शनातल्या बक्षिसांना मात्र सूट होती. म्हणजे सर्वांत मोठ्या बटाट्याला बक्षीस दिले तर चालते, पण नातवाच्या नामकरणाला आलेल्या पाहुण्याला घोंगडी दिली तर तुरुंग.

तरीही खटले उभे राहत नव्हते. गुन्हा वरच्या कोर्टात चालवावा लागे आणि ज्यूरीतली गोरी माणसेही भेटवस्तू वाटण्यासाठी कुणाला आत टाकायला फारशी राजी नसत. पुढची दुरुस्ती १९१८ ची. वरकरणी ती अगदी किरकोळ, कार्यपद्धतीची होती: हा गुन्हा आता संक्षिप्त पद्धतीने, स्थानिक दंडाधिकाऱ्यासमोर चालवता येईल. इंडियन एजंट, म्हणजे खात्याचे त्या भागातले अधिकारी, स्वतः दंडाधिकारी असत. तक्रार, चौकशी आणि निकाल एकाच माणसाच्या टेबलावर आले. माझ्या मते या प्रकरणाचा खरा निर्णायक क्षण हाच. १८८४ ची बंदी ढोल वाजवून आली होती, पण तिने फारसे कुणाला तुरुंगात टाकले नाही. १९१८ च्या एका ओळीच्या बदलाने टाकले.

लोकांपुढचे पर्याय

बंदीच्या छत्तीस-सदतीस वर्षांत क्वाक्वाकावाक्व लोक गप्प बसले नव्हते.

सरकारची समजूत घालण्याचा प्रयत्न झाला. त्यांनी अर्ज केले, कुणीतरी येऊन आमचा समारंभ स्वतः डोळ्यांनी पाहावा आणि मग काय ते ठरवावे, असे विनवले. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस १८८६ मध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा तिथल्या एका प्रमुखाने त्यांना आधी विचारून घेतले होते, की तुम्ही आमचे नाच थांबवायला आला आहात का. तसे असेल तर परत जा, कारण नाचायची आणि वाटायची आज्ञा आम्हाला आमचा कायदा देतो. १९१५ मध्ये ओटावाच्या संग्रहालयातले एडवर्ड सापिर यांनी बोआस आणि इतर अभ्यासकांकडून पत्रे मागवून खात्याला दिली. बंदी चुकीची आहे हे त्या पत्रांत स्पष्ट होते. खात्याचे सर्वोच्च अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट यांनी ती वाचली आणि धोरण आहे तसेच ठेवले. स्कॉट हे कॅनडातले नावाजलेले कवी होते. शब्दांची जाण असलेला माणूस दुसऱ्यांच्या गाण्यांवर इतक्या थंडपणे सही करतो, हे वाचताना मला अजूनही त्रास होतो.

दुसरी वाट समारंभाचे तुकडे करण्याची. नाच एका वेळी, भेटी काही महिन्यांनी. भेटी घरोघर जाऊन, नाताळची भेट म्हणून. १८९५ च्या कलमातले ‘आधी, नंतर किंवा त्या वेळी’ हे शब्द नेमके अशाच पळवाटांसाठी घातलेले होते, तरी सिद्ध करणे अवघड जाई. या वाटेची किंमत मात्र मोठी होती. सगळे साक्षीदार एका जागी नसतील तर साक्ष कसली? नाव जाहीर झाले एका गावात आणि भेट मिळाली दुसऱ्या, असे झाले की मुळातला व्यवहारच अर्धा राहतो.

तिसरी वाट म्हणजे लांब जाणे. हिवाळ्यात समुद्र खवळलेला असतो, एजंटाची होडी बाहेर पडत नाही. आडवळणाच्या गावात समारंभ केला की बातमी पोहोचेपर्यंत पाहुणे घरी गेलेले असतात.

चौथा पर्याय, सोडून देण्याचा. काहींनी तो घेतलाही. चर्चच्या दबावाने, मुलांच्या शाळेसाठी, किंवा थकून. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१९२१ च्या यजमानाने तिसरी वाट धरली. तो अलर्ट बेचा. बायकोच्या माहेरची माणसे अलर्ट बेच्या पूर्वेला असलेल्या विलेज आयलंडची. तिच्या घराण्याकडून यायची परतफेड मोठी होती आणि ती तुकड्यातुकड्यांनी करण्यासारखी नव्हती. जागा विलेज आयलंड, काळ नाताळचा. त्या हवेत कोणी येणार नाही आणि आले तरी नाताळ म्हणता येईल, असा हिशेब असावा. दूरदूरच्या गावांहून पाहुणे आले. जुनी माणसे सांगत की त्या भागात इतका मोठा पॉटलॅच त्यापूर्वी कुणी पाहिला नव्हता.

हिशेब चुकला तो इथेच, असे मला वाटते. इतक्या लोकांना, इतक्या वस्तूंसकट, बोटींमधून नेणारा समारंभ लपवणे शक्य नव्हते. पण लहान केला असता तर तो पुरेसा झाला नसता. परतफेड जितकी मोठी, तितके साक्षीदार जास्त हवेत. कायद्याने त्यांना अशा जागी आणून ठेवले होते, की समारंभ नीट करावा तर सापडणार आणि लपवावा तर तो समारंभच राहणार नाही.

खटला

खबर माउंटेड पोलिसांचे सार्जंट अँगरमन यांच्यापर्यंत पोहोचली. १९२२ च्या सुरुवातीला अलर्ट बेत सुनावणी सुरू झाली. न्यायाच्या खुर्चीवर होते विल्यम हॅलिडे. हे तिथले इंडियन एजंट, १९०६ पासून त्याच भागात. पॉटलॅच मोडून काढणे हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम होते. आणि त्याच कामाचा निवाडा आता त्यांच्याचकडे होता. आरोपींची बाजू मांडायला वकील आले.

आरोपांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. एकाने भाषण केले. एकाने नाच केला. कुणी वाटायच्या वस्तू मांडून ठेवल्या. कुणी त्या उचलून पाहुण्यापर्यंत नेऊन दिल्या. घरच्या कार्यात ताट मांडणाऱ्या, आहेर हातात देणाऱ्या माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते, आणि त्यांत वयस्कर, मानाच्या घराण्यांतल्या बायकाही होत्या. इंडियन ॲक्टमधल्या बंदीच्या कलमाखाली, म्हणजे कलम १४९ खाली, एकूण ४५ जणांवर आरोप ठेवले गेले. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला दोन महिने आणि दुसऱ्यांदा सापडलेल्याला तीन, असे शिक्षेचे माप ठरले.

सौदा

इथे प्रकरण वळण घेते. कलम १४९ मध्ये शिक्षा होती ती तुरुंगवासाची. वस्तू जप्त करण्याची तरतूद त्यात नव्हती. हॅलिडे कुणाचा मुखवटा हुकूम काढून नेऊ शकत नव्हते.

मग तडजोड पुढे आली: एखाद्या गावाने आपल्या सगळ्या पॉटलॅचच्या वस्तू सरकारला दिल्या आणि पुन्हा पॉटलॅच करणार नाही असे लिहून दिले, तर त्या गावच्या आरोपींची शिक्षा स्थगित राहील. अट एकेका आरोपीला नव्हती, गावाला होती. म्हणजे जो विलेज आयलंडला गेलाच नव्हता, ज्याच्यावर कसलाच आरोप नव्हता, त्यानेही आपल्या आजोबांचा मुखवटा आणून ठेवायचा. न ठेवला तर शेजाऱ्याची म्हातारी आई तुरुंगात जाणार. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी जमातीलाच जामीन ठेवण्याची ही रीत गुन्हेगार जमाती कायद्याच्या जातकुळीची आहे.

अलर्ट बे, विलेज आयलंड आणि केप मज ही तीन गावे कात्रीत सापडली. माणसे वाचवावीत की वस्तू? त्यांनी माणसे निवडली. कुणीही तेच निवडले असते. सौद्यात न आलेल्यांपैकी वीसेक जणांना व्हँकूव्हरजवळच्या ओकाला तुरुंगात पाठवले गेले.

वस्तू बोटींमधून अलर्ट बेला आल्या आणि चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये बाकांवर मांडल्या गेल्या. त्या वेळचे फोटो आहेत: रांगेत ठेवलेले लाकडी चेहरे, सीडरच्या सालीच्या रंगवलेल्या कड्या, भिंतीला टेकवलेले तांब्याचे पत्रे. मुखवटा नुसता बघायची वस्तू नव्हता. ठरावीक घराण्याने, ठरावीक रात्री, ठरावीक गाण्याबरोबर तो बाहेर काढायचा आणि एरवी पेटीत बंद ठेवायचा, असा शिरस्ता. ते सगळे एकाच वेळी, दिवसाउजेडी, कुणीही यावे आणि पाहावे असे उघडे पडले होते. लहानपणी काकाचे बोट धरून त्या हॉलमध्ये गेलेल्या एकाने म्हातारपणी सांगितलेली आठवण नोंदलेली आहे. एका प्रमुखाने बाकावरचा खुळखुळा उचलला, आम्ही आमच्या आयुष्याचा निरोप घ्यायला आलो आहोत असे तो म्हणाला आणि त्याने आपले गाणे सुरू केले. वस्तूंभोवती गोल उभे असलेले सगळे प्रमुख रडत होते, घरातले कोणी गेल्यासारखे.

वस्तूंचे पुढे काय झाले

सरकारची कागदावरची भूमिका अशी की वस्तू लोकांनी आपखुशीने दिल्या आणि त्यांचा मोबदला मिळेल. त्याचा प्रत्यक्ष कारभार मात्र वेगळाच झाला.

न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय त्याच वर्षी अलर्ट बेला आले आणि हॅलिडे यांनी तीसेक वस्तू त्यांना २९१ डॉलरना विकून टाकल्या. ओटावाहून त्यांना याबद्दल कानउघाडणी झाली. पण ती अशासाठी, की वस्तू देशाबाहेर गेल्या. मूळ मालकांना विचारले नाही, हा कुणाच्या तक्रारीचा विषय नव्हता. उरलेल्या वस्तू पेट्यांत भरून ओटावाच्या व्हिक्टोरिया मेमोरियल म्युझियमला गेल्या, तिथून काही टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियमला. काही वस्तू स्कॉट यांनी स्वतःकडे ठेवल्या.

सगळ्यांचा मिळून मोबदला दीड हजार डॉलरच्या आत ठरला. तांब्याचे पत्रे त्यात धरलेलेच नव्हते. या पत्र्यांना ‘कॉपर’ म्हणतात. ढालीच्या आकाराचे, प्रत्येकाला स्वतःचे नाव, स्वतःचा इतिहास. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी किंमत वाढणारे. मोठ्या कॉपरची किंमत हजारो घोंगड्यांमध्ये मोजली जाई. समाजातल्या सगळ्यांत मोलाच्या वस्तूची सरकारी किंमत शून्य धरली गेली. काही मालकांनी पुढे सांगितले की आम्हाला कधी काहीच मिळाले नाही.

परिणाम

पॉटलॅच संपला नाही. तो आणखी आत, आणखी दूरच्या खाड्यांमध्ये गेला आणि आकसला. जे प्रमुख तुरुंगात जाऊन आले त्यांच्यातले काही पुन्हा उभे राहिले, काही नाही. १९२७ मध्ये इंडियन ॲक्टला आणखी एक कलम जोडले गेले: जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणे हाही गुन्हा. वकील लावायची वाटच बंद. १९२९ मध्ये अलर्ट बेलाच सेंट मायकेल्स ही निवासी शाळा उभी राहिली, जिथे मुलांना त्यांची भाषा बोलू दिली जात नसे. मुखवटे नाहीत, समारंभ चोरून, मुले वसतिगृहात. जी गाणी आणि नाच केवळ ऐकून-पाहूनच पुढच्या पिढीकडे जातात, त्यांची वाट तिन्ही बाजूंनी अडवली गेली.

१९५१ मध्ये इंडियन ॲक्ट नव्याने लिहिला गेला, तेव्हा बंदीचे कलम त्यात नव्हते. रद्द केले असे कुठे म्हटलेले नाही, नुसते गाळले. माफी नाही, वस्तूंचा उल्लेख नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, आपल्याकडचा गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, आणि पाठोपाठ ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. १९५३ मध्ये मुंगो मार्टिन या कोरीवकाम करणाऱ्या थोर कलावंताने व्हिक्टोरिया शहरात स्वतः बांधलेल्या घरात पॉटलॅच केला. बंदी उठल्यानंतरचा तो पहिला उघड समारंभ मानला जातो.

वस्तू परत मागण्याची धडपड त्याच दशकात सुरू झाली. ओटावाचे राष्ट्रीय संग्रहालय अखेर तयार झाले, पण एका अटीवर: आधी संग्रहालय बांधा, मग देऊ. केप मज आणि अलर्ट बे, दोघांनाही आपापल्या वस्तू आपल्या गावी हव्या होत्या, म्हणून दोन इमारती झाल्या. केप मजची १९७९ मध्ये, अलर्ट बेची उमिस्ता सांस्कृतिक केंद्र या नावाने १९८० मध्ये. टोरांटोने १९८८ मध्ये वस्तू परत केल्या. हाय यांचा संग्रह पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला, तिथून १९९३ आणि २००२ मध्ये काही आल्या. एक शिरोभूषण फिरत फिरत फ्रान्समध्ये कवी आंद्रे ब्रेतों यांच्या घरी पोहोचले होते; त्यांच्या मुलीने ते २००३ मध्ये परत केले.

काय वेगळे करता आले असते

सरकारच्या बाजूने सगळ्यांत सोपी गोष्ट अशी होती, की कुणीतरी जाऊन पाहायचे. ती मागणी लोकांनीच केली होती आणि ती मान्य करायला एका बोटीच्या प्रवासाहून अधिक खर्च नव्हता. १९१५ ची पत्रे खात्याच्या फायलीत होती. माहिती नव्हती म्हणून चूक झाली, असे या प्रकरणात म्हणता येत नाही.

१९१८ ची दुरुस्ती संसदेत चर्चेचा विषय व्हायला हवी होती. बंदीला पाठिंबा देणाऱ्या माणसालाही हे पटायला हरकत नव्हती, की खटला भरणाऱ्या खात्याचाच अधिकारी न्यायाधीश असू नये. ‘कार्यपद्धतीतला किरकोळ बदल’ असे लिहिलेले कलम आजही कुठल्याही कायद्यात दिसले, तर आधी तेच वाचावे, असे मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना सांगतो.

वकिलांच्या कामाबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. अशिलांना तुरुंगातून वाचवणे हे त्यांचे पहिले काम होते आणि त्या दिवशी हाताशी होते ते त्यांनी केले. पण कलमात जप्ती नाही, हा मुद्दा वरच्या कोर्टात नेण्यासारखा होता. बेग्बींचा निकाल समोर होता. आणि सौदाच करायचा होता, तर प्रत्येक वस्तूपुढे मालकाचे नाव, किंमत आणि ती सरकार नेमके कशासाठी ठेवणार, हे लिहून घेता आले असते. ‘सुपूर्द केले’ आणि ‘ताब्यात ठेवायला दिले’ यांत पुढच्या साठ वर्षांचा फरक होता. त्या कागदाअभावी नातवंडांना जुन्या फोटोंवरून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींवरून आपला मुखवटा कोणता हे सिद्ध करावे लागले.

गावांनी काय वेगळे करायला हवे होते, हा प्रश्न विचारताना मी अडखळतो. समारंभ न करणे हा पर्याय मी धरत नाही. सौदा नाकारून सगळ्यांनी तुरुंगात जाणे हे दुरून शूर वाटते. पण पंचेचाळीस माणसे, त्यांत म्हाताऱ्या बायका, आणि घरी मासे वाळवायला कुणी नाही, हे ज्याने भोगायचे त्यानेच ठरवायचे असते.

परतीच्या टप्प्यावर मात्र एक निर्णय अजून वादाचा आहे. वस्तू घराण्यांच्या होत्या, आणि परत आल्या त्या संस्थांकडे. ‘आधी इमारत बांधा’ या अटीने घराण्यांचा मालकीहक्क पुन्हा एकदा बाजूला सारला. दोन गावांनी यावर दोन वेगळी उत्तरे शोधली. केप मजच्या संग्रहालयात वस्तूजवळ ती कोणाची, हे मालकाच्या नावानिशी लिहिले. अलर्ट बेमध्ये मुखवटे पॉटलॅचमध्ये ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने मांडले, आणि काचेच्या कपाटांत ठेवले नाहीत, कारण फार वर्षे ते कोंडलेले होते. पहिल्या मांडणीत हक्क दिसतो, दुसरीत समारंभ. मला दोन्ही बरोबर वाटतात, आणि दोन्ही एकाच इमारतीत बसवता आली असती का, याचा विचार पुढच्या संग्रहालयांनी करावा.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे याच संग्रहातला एक मुखवटा गेला होता. १९६३ च्या ब्रिटिश कायद्यामुळे त्या संग्रहालयाला संग्रहातल्या वस्तू सहसा कायमच्या देऊन टाकता येत नाहीत, म्हणून २००५ मध्ये तो अलर्ट बेला दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर आला. ज्यांच्याकडून तो गेला, त्यांनीच तो उसना म्हणून सही करून घ्यायचा. गावाने ती सही केली. मालकीचा वाद चालू ठेवून मुखवटा आधी घरी आणता येतो, हे त्यांनी ओळखले, आणि १९२२ च्या सौद्यापेक्षा या खेपेचा कागद त्यांनी जास्त सावधपणे वाचला असणार.